पारपटलावर ढग कोणी आणले?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपुरात पावसाच्या एक-दोन मोठ्या सरी होतात आणि वर्गात डोळे आलेली मुले दिसू लागतात. शिक्षक त्यांना घरी पाठवतात, आठ-दहा दिवसांत डोळ्यांची लाली उतरते, मुले परत येतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. पण कधी कधी एखादा मुलगा त्यानंतर तक्रार करू लागतो, "सर, फळ्यावरचं पुसट दिसतं." रात्री दिव्याभोवती वलय दिसते, ऊन सहन होत नाही. डोळा लाल नसतो, चिकटत नाही, दुखतही नाही. विषाणू तर गेला. मग डोळ्यासमोर धुके कोणी आणले?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचे धागेदोरे बर्लिनच्या प्रयोगशाळेतून मुंबईच्या नेत्र रुग्णालयात, तिथून हवाईच्या जहाज कारखान्यांत आणि उंदरांच्या पिंजऱ्यांत फिरले आहेत. हा इतिहास शिक्षकांना उपयोगी वाटावा, कारण आपण डोळ्याचा पाठ प्रकाशाच्या प्रकरणात शिकवतो आणि रोगप्रतिकारशक्तीचा पाठ आरोग्याच्या प्रकरणात. एकाच अवयवात हे दोन्ही पाठ कसे भेटतात, ते येथे दिसते.

अर्ध्या मिलिमीटरची खिडकी

डोळ्याच्या पुढच्या भागावरील पारदर्शक, घुमटाकार पडदा म्हणजे पारपटल. काही पुस्तकांत त्याला स्वच्छमंडल असेही म्हटलेले आढळते. बोलताना आपण ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो तो रंगीत पडदा याच्या मागे असतो. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील आठ खेड्यांत २००६ नंतरच्या काही वर्षांत एक मोठी पाहणी केली. 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने ती जगभर ओळखली जाते. तिशी ओलांडलेल्या ४७११ स्त्री-पुरुषांची त्यात तपासणी झाली. त्यांच्या पारपटलाची मध्यभागातील सरासरी जाडी भरली ५१४ मायक्रोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. डोळ्यात शिरणारा सगळा प्रकाश एवढ्याशा पडद्यातून जातो, आणि प्रकाशकिरण वळवण्याचे डोळ्याचे बहुतांश काम भिंग नव्हे, तर हा पडदाच करतो.

या पडद्याचे तीन मुख्य थर मानता येतील. बाहेरचा थर पेशींच्या पाच-सहा ओळींचा असतो आणि तो सतत झिजून नवा होत राहतो. आतला थर पेशींच्या एकाच ओळीचा असून तो पडद्यातील पाणी बाहेर उपसत राहतो. मधला थर सर्वांत जाड. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म तंतू एकमेकांपासून ठरावीक अंतरावर शिस्तीने मांडलेले असतात. या शिस्तीमुळेच प्रकाश न विखुरता आरपार जातो, हे डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये गणिताने दाखवून दिले. रांगेत उभ्या असलेल्या मुलांमधून मैदानाचे दुसरे टोक दिसते, तीच मुले घोळक्याने उभी राहिली की दिसत नाही, तसाच हा प्रकार.

शिस्त टिकवायची तर या पडद्यात रक्तवाहिन्या असून चालणार नाही. निरोगी पारपटलात त्या नसतात, लसीकावाहिन्याही नसतात. प्राणवायू हवेतून आणि अश्रूंतून मिळतो, अन्न आतल्या द्रवातून. पण इथेच एक अडचण उभी राहते. शरीराचे सैनिक, म्हणजे पांढऱ्या पेशी, रक्तातून ये-जा करतात. जिथे रक्तच नाही तिथे शत्रू आला तर सैन्य पोहोचणार कसे? आणि पोहोचले, तर त्या गर्दीने काचेचे काय होणार?

बेडकाच्या डोळ्यातील निळ्या पेशी

पांढऱ्या पेशी रक्तातून येतात, हेच मुळी एके काळी मान्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो हे विकृतिशास्त्रातील अंतिम शब्द मानले जात. त्यांचे मत असे की, सुजलेल्या जागी दिसणाऱ्या पुवाच्या पेशी तिथल्याच ऊतकातील पेशींचे विभाजन होऊन तयार होतात. पेशीपासूनच पेशी निर्माण होते, या त्यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताशी हे सुसंगतच होते.

त्यांचेच साहाय्यक यूलियुस कोनहाइम यांनी याची परीक्षा घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी बेडकाचे पारपटल निवडले. निवड फार विचारपूर्वक होती. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथे रक्तातील पेशी दिसली तर ती बाहेरून चालत आली असलीच पाहिजे. शिवाय पडदा पारदर्शक, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे सोपे. कोनहाइम यांनी बेडकाच्या पाठीवरील त्वचेखालच्या लसीकेच्या पोकळीत निळ्या रंगाचे बारीक कण टोचले. भ्रमण करणाऱ्या पांढऱ्या पेशी हे कण गिळतात. मग त्यांनी बेडकाच्या पारपटलाला इजा केली. काही काळाने पडदा गढूळ झाला आणि त्यात निळे कण पोटात असलेल्या पेशी दिसल्या. पेशी बाहेरून आल्या होत्या. १८६७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेही फिरखो यांच्याच नियतकालिकात. गुरूचे मत खोडणारा शिष्याचा लेख गुरूने छापला, ही गोष्टही वर्गात सांगण्याजोगी आहे.

कोनहाइम यांच्या हाती आणखी एक युक्ती होती. सोन्याच्या क्षाराने रंगवून पारपटलातील बारीक तंत्रिका दाखवण्याची पद्धत त्यांनी बसवली होती. तीच पद्धत वापरून पाउल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्वचेत फांद्या फुटलेल्या काही पेशी पाहिल्या. त्याला त्या तंत्रिकापेशी वाटल्या. त्या प्रत्यक्षात पहारेकरी आहेत, परक्या वस्तूचा तुकडा पकडून इतर पेशींना दाखवतात, हे कळायला १९७० चे दशक उजाडले. अशा पेशी पारपटलाच्या कडेलाही असतात. मध्यभागी त्या नसतातच असे बराच काळ समजले जाई. २००२ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी उंदरांत दाखवले की त्या मध्यभागीही असतात, मात्र झोपलेल्या अवस्थेत, ओळखीची खूण लपवून.

कोनहाइम यांच्यानंतर पंधरा वर्षांनी, १८८२ मध्ये, इल्या मेचनिकॉफ यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी जमल्या होत्या. दाह म्हणजे केवळ बिघाड नसून तो शरीराचा बचाव आहे, हा विचार तिथून रुजला. त्यासाठी १९०८ मध्ये त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही प्रयोगांत पारदर्शक ऊतक निवडले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र बचाव आणि बिघाड हे एकाच पेशींचे काम असू शकते, हा मुद्दा अजून कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

मुंबई, १९०१

आता आपल्या प्रांताकडे येऊ. १८८९ मध्ये व्हिएन्नामध्ये अर्न्स्ट फुक्स यांनी एका विकाराचे वर्णन केले. डोळे येऊन गेल्यावर पारपटलाच्या पृष्ठभागाजवळ बारीक पांढुरके ठिपके उमटतात आणि महिनोन् महिने राहतात. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०१ मध्ये, अशाच ठिपक्यांचा विकार मुंबईतून नोंदवला गेला. नोंदवणारे हेन्री हर्बर्ट हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते नेत्रवैद्यक शिकवत. खुपऱ्यांमुळे पारपटलाच्या कडेला पडणारे खळगे आजही 'हर्बर्टचे खळगे' म्हणून नेत्रवैद्यकाच्या पुस्तकांत आहेत.

हर्बर्ट यांनी ठिपके नीट पाहिले, पण दोष दिला एका आवरणयुक्त जिवाणूला. आज हे चुकीचे वाटते, पण त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. तो जिवाणूंचा जमाना होता. कॉख आणि पाश्चर यांच्या यशानंतर प्रत्येक रोगामागे जिवाणू शोधला जात होता. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणारे रोगकारक असतात, ही कल्पना तंबाखूच्या रोगावरून जेमतेम पुढे आली होती. माणसाचा एखादा रोग अशा कारकाने होतो याचा पहिला पुरावा, पीतज्वराचा, त्याच १९०१ सालचा.

मुंबईनंतर मद्रासमधून अशाच नोंदी आल्या. १९२० मध्ये कर्कपॅट्रिक यांनी तिथल्या एका साथीचे वर्णन प्रसिद्ध केले, १९३० मध्ये राइट यांनी. मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ मध्ये हवाई बेटांवरील जहाज कारखान्यांत कामगारांचे डोळे येऊ लागले आणि साथ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कारखान्यांत पसरली. धातूचा कण डोळ्यात गेला म्हणून कामगार दवाखान्यात जात आणि तिथल्याच हातांनी व उपकरणांनी लागण घेऊन परतत. युद्धनौकांचे काम अडू लागल्यावर या विकाराला 'शिपयार्ड आय' असे नावच पडले आणि संशोधनाला वेग आला. १९५३ मध्ये नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथींतून विषाणूंचा एक नवा गट सापडला, त्याला ॲडिनोविषाणू म्हणतात. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचे अर्न्स्ट जॉवेट्झ यांनी या नेत्ररोगातून ॲडिनोविषाणूचा आठवा प्रकार वेगळा केला. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे ओळखतात. आज मागे वळून पाहता मुंबई आणि मद्रास येथील साथीही बहुधा याच विषाणूंच्या असाव्यात.

पण गुन्हेगार सापडला तरी कोडे सुटले नाही. ठिपके लाली ऐन भरात असताना दिसत नाहीत. ते उमटतात साधारण दोन आठवड्यांनी, जेव्हा डोळ्यातून विषाणू वेगळा करणे अवघड होत जाते. ठिपक्यांत सापडतात त्या लसीकापेशी आणि त्यांच्या साथीदार पेशी. म्हणजे चोर निघून गेल्यावर घरात पोलिसांची गर्दी झाली होती आणि पुसट दिसत होते ते या गर्दीमुळे. २०१० मध्ये अमेरिकेतील जेम्स चोडोश यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की, या विषाणूचे नुसते रिकामे कवच पारपटलाच्या मधल्या थरात गेले तरी पांढऱ्या पेशी धावून येतात. विषाणूने वाढण्याचीसुद्धा गरज नसते. वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. त्याच्या डोळ्यातील धुके विषाणूचे नसून, विषाणूच्या अवशेषांभोवती जमलेल्या त्याच्याच पेशींचे असते. बहुतेकांच्या बाबतीत ते काही महिन्यांत विरते, काहींचे वर्षानुवर्षे रेंगाळते.

औषध मिळाले, तरी फूल पडले

अधिक गंभीर कहाणी आहे हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूची. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो याचाच. आपण जिला नागीण म्हणतो तिचा विषाणू वेगळा, पण याच कुळातला. मार्बुर्गचे विल्हेल्म ग्रूटर यांनी १९१२ च्या सुमारास रुग्णाच्या पारपटलावरील द्रव सशाच्या पारपटलावर चोळला आणि सशालाही तोच रोग झाला. हा विषाणू पारपटलावर झाडाच्या फांदीसारखा जखमेचा आकार काढतो. जखम भरते, पण रोग काही वर्षांनी पुन्हा उलटतो. प्रत्येक फेरीत मधला थर थोडा अधिक गढूळ होतो आणि अखेर डोळ्यात फूल पडते. 'फूल पडणे' हा शब्द आपल्या आजी-आजोबांना देवी आणि गोवर या रोगांमुळे चांगला परिचित होता. देवी गेल्या, शब्द मागे पडला, पण फूल पाडणारी कारणे सगळी गेली नाहीत.

१९६२ मध्ये हर्बर्ट कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडीन हे औषध या रोगावर वापरून दाखवले. विषाणूवर थेट घाव घालून माणसाचा रोग बरा करणारे ते पहिले यशस्वी औषध मानले जाते. पुढे गरट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून १९७० च्या दशकात असायक्लोव्हिर आले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या त्या एक मानकरी ठरल्या. या औषधांनी वरच्या थरातील फांदीसारखी जखम भरून येऊ लागली. मधल्या थराचा गढूळपणा मात्र त्यांना दाद देईना. त्या थरात शोधले तर जिवंत विषाणू फारसा सापडतही नसे.

उत्तर आले उंदरांकडून. थायमस ही छातीतील ग्रंथी जन्मतः नसलेल्या उंदरांची एक जात आहे. त्यांच्या अंगावर केस नसतात, म्हणून त्यांना 'नग्न उंदीर' म्हणतात. थायमस नाही म्हणजे टी-पेशी नाहीत. १९७९ मध्ये मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांच्या पारपटलावर हर्पिसचा विषाणू सोडला. अपेक्षा काय असेल? बचाव नाही, तेव्हा डोळा अधिक नासावा. घडले उलटेच. मधला थर फारसा गढूळ झाला नाही. पण उंदीर वाचले असे नाही. विषाणू तंत्रिकांतून मेंदूपर्यंत गेला आणि त्याने त्यांचा बळी घेतला. १९८४ मध्ये अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या बॅरी राउस यांच्या गटाने उलट बाजूने तपासले. टी-पेशी नसलेल्या उंदरांना बाहेरून टी-पेशी दिल्या, तेव्हा पारपटल गढूळ झाले.

या दोन प्रयोगांत सारा पेच आहे. टी-पेशी नसतील तर काच स्वच्छ राहते, पण जीव जातो. त्या असतील तर जीव वाचतो, पण काच डागाळते. पुढच्या संशोधनाने तपशील भरले. लागण होताच प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि विषाणू हटवायला मदत करतात. आठवड्याभरानंतर सीडी४ प्रकारच्या टी-पेशी सूत्रे हाती घेतात, रासायनिक संदेश पाठवतात आणि न्यूट्रोफिलांची दुसरी, कितीतरी मोठी लाट बोलावतात. या लाटेतील विकरांनी कोलॅजेनची शिस्तबद्ध मांडणी विस्कटते. त्याच सुमारास पारपटलात रक्तवाहिन्या शिरू लागतात.

रक्तवाहिन्या एरवी का शिरत नाहीत, हेही कोडे होते. २००६ मध्ये अंबाटी बंधू आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, रक्तवाहिन्यांना वाढण्याचा संदेश देणारे प्रथिन पारपटलात असते, पण त्याला धरून ठेवणारे दुसरे एक विद्राव्य प्रथिनही तिथे असते. विषाणूच्या लागणीत हा तोल बिघडतो. वाहिन्या एकदा आल्या की पेशींना राजमार्ग मिळतो, आणि पुढचा झटका अधिक जोरात येतो.

लगाम घातलेला बचाव

डोळा हा बचाव आवरता घेणारा अवयव आहे, याची कल्पना पीटर मेडावर यांच्या प्रयोगांतून आली. १९४८ मध्ये त्यांनी एका सशाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्या सशाच्या डोळ्याच्या पुढील पोकळीत ठेवला. एरवी असा परका तुकडा शरीर नाकारते. डोळ्यात, रक्तवाहिन्या त्याच्यापर्यंत न पोहोचल्यास, तो टिकला. डोळ्याला मिळालेल्या या सवलतीचा लाभ माणसाने त्यापूर्वीच नकळत घेतला होता. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याचे पारपटल बसवले आणि त्याला दिसू लागले. रक्तगट न जुळवता आज नेत्रदानातून मिळालेली पारपटले बसवता येतात, त्याचे एक कारण ही सवलत आहे.

पण सवलत कायमची नसते. हर्पिसने फूल पडलेल्या डोळ्यात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, पहारेकरी जागे झालेले असतात. अशा डोळ्यात नवे पारपटल बसवले तर ते नाकारले जाण्याचा धोका वाढतो. शिवाय विषाणूही परत येऊ शकतो. नेत्रदान हा शेवटचा उपाय आहे, तो प्रत्येक फुलाला सारखाच लागू पडतो असे नाही.

थेंबांचा मोह

येथून आपण पुन्हा नागपूरच्या पावसाळ्यात येऊ. गढूळपणा पेशींच्या गर्दीमुळे येतो, तर गर्दी हटवणारे औषध का घालू नये? असे औषध आहे. कॉर्टिसोन आणि त्याची भावंडे, म्हणजेच स्टेरॉइडे, १९५० पासून डोळ्यात वापरली जाऊ लागली. लाली तासाभरात ओसरल्यासारखी वाटते, रुग्ण खूश होतो. पण फांदीसारखी जखम असलेल्या हर्पिसच्या डोळ्यात हेच थेंब घातले, तेव्हा डॉक्टरांना भलतेच दृश्य दिसले. पहारेकरी झोपवले गेले आणि विषाणू मोकळा सुटला. बारीक जखम नकाशासारखी पसरली, काही डोळ्यांत पारपटलाला भोक पडले.

मग स्टेरॉइड वाईटच का? १९९४ मध्ये अमेरिकेतील 'हर्पेटिक आय डिसीज स्टडी' या पाहणीचे निष्कर्ष आले. मधल्या थराचा दाह असलेल्या रुग्णांना विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने, नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि हळूहळू कमी करत स्टेरॉइडचे थेंब दिले, तेव्हा दाह टिकून राहण्याचा किंवा वाढण्याचा धोका ६८ टक्क्यांनी घटला. म्हणजे तेच औषध एका थराच्या रोगात घातक आणि दुसऱ्या थराच्या रोगात उपकारक. रोग कोणत्या थरात आहे, हे आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प हे उपकरण आणि ते वापरणारा जाणकार लागतो. ॲडिनोविषाणूच्या ठिपक्यांचेही असेच. स्टेरॉइडने ते झटकन पुसट होतात, थेंब थांबवले की बऱ्याचदा परत येतात, आणि थेंब चालूच ठेवले तर डोळ्यातील दाब वाढणे आणि मोतीबिंदू ही संकटे ओढवतात.

आपल्याकडे डोळे आले की शेजाऱ्याने वापरलेली बाटली मागून आणणे, किंवा औषधाच्या दुकानात जाऊन "लाल डोळ्यावरचे थेंब द्या" म्हणणे, हा सर्रास रिवाज आहे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात लाखो लोकांचे डोळे आले, तेव्हाही तो दिसला. स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. पण नियमापेक्षा समज अधिक काम करते, आणि ती समज द्यायला शाळेइतकी चांगली जागा नाही. डोळे आलेल्या मुलाला घरी विश्रांती, हात वारंवार धुणे, रुमाल-टॉवेल वेगळा ठेवणे, हे पुष्कळदा पुरते. मात्र दुखणे फार असेल, उजेड सहन होत नसेल, नजर पुसट झाली असेल, किंवा लाली एकाच डोळ्यात आणि वारंवार येत असेल, तर त्याला नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवावे. मेयो आणि मेडिकल या नागपुरातील दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

पहारा चालू आहे

हर्पिस परत परत का उलटतो, याचेही उत्तर पेशींशी जोडलेले निघाले. हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या तंत्रिकेच्या गाठीत दडून बसत असावा, असा तर्क गुडपाश्चर यांनी १९२९ मध्ये केला होता. १९७१ मध्ये स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदरांच्या तंत्रिकागाठींत दडलेला विषाणू दाखवला. पुढे पिट्सबर्गच्या रॉबर्ट हेन्ड्रिक्स यांच्या गटाने २००० ते २००८ या काळात आणखी पुढचे पाऊल टाकले. या गाठीत सीडी८ प्रकारच्या टी-पेशी विषाणूग्रस्त तंत्रिकापेशींना वेढून बसलेल्या असतात. एरवी या पेशी लागण झालेल्या पेशीला मारून टाकतात. इथे त्या तसे करत नाहीत, कारण तंत्रिकापेशी मेली तर नवी मिळत नाही. विषाणूला जागे होण्यासाठी लागणारे एक प्रथिन तेवढे त्या तोडत राहतात. जिथे नासधूस परवडत नाही तिथे संयमाने पहारा देणे याच पेशींना जमते, हे त्यावरून दिसते. विषाणूविरोधी गोळ्या या पहाऱ्याला जोड देतात. १९९८ च्या एका चाचणीत वर्षभर असायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांत रोग उलटला, न घेणाऱ्यांत ३२ टक्के.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी निरोगी माणसांच्या पारपटलाची विशेष सूक्ष्मदर्शकाने एकामागून एक छायाचित्रे घेतली. त्यांत टी-पेशी संथपणे फिरताना दिसल्या. डोळा लाल नव्हता, रोग नव्हता, तरी गस्त चालू होती. कोनहाइम यांनी बेडकाचे पारपटल ज्या कारणासाठी निवडले होते, त्याच कारणासाठी, म्हणजे ते पारदर्शक आहे म्हणून, जिवंत माणसाला धक्का न लावता हे पाहता आले.

डोळ्याची आकृती फळ्यावर काढताना आपण पारपटल एका वक्र रेषेने दाखवतो आणि पुढे भिंगाकडे वळतो. पुढच्या वेळी त्या रेषेशी क्षणभर थांबून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा: या पडद्यात रक्त का नाही, आणि नसल्यामुळे काय फायदा, काय तोटा? मुले दोन्ही बाजूंनी उत्तरे देतील. त्यातल्या एखाद्याला तरी, पावसाळ्यात डोळे आल्यावर शेजारच्या घरातील थेंबांची बाटली का घेऊ नये, हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.